हाक पलीकडे पोचली

"बाई, परत तेच!" वसतिगृहाच्या खोलीत मुली हिरमुसून म्हणाल्या. एकाही संगणकाला सर्व्हर सापडत नव्हता.

मृणालबाई कपाळाला हात लावून बसल्या. या संगणकांना स्वतःची डिस्कच नव्हती. सुरू होताना ते नेटवर्कवर हाक मारायचे आणि शाळेतला सर्व्हर त्यांना सगळं पुरवायचा. मैदानापलीकडे वसतिगृहात आणल्यापासून मात्र ते मुके झाले होते. "आज नाही चालले तर भंगारात देऊ," मुख्याध्यापिकांनी बजावलं होतं.

बाईंनी पुन्हा एकेक वायर तपासली आणि एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. वसतिगृहाचं नेटवर्क वेगळं होतं, आणि मधला राउटर संगणकांची हाक पलीकडे जाऊच देत नव्हता! त्यांनी राउटरमध्ये सर्व्हरचा पत्ता भरून हाक तिकडे पोचवायची सोय केली. "रुखसाना, कर गं चालू."

पडदा क्षणभर काळाच राहिला, मग निळा झाला. बघता बघता अख्खी रांग उजळली, आणि मुलींनी बाईंना उचलूनच घेतलं.

आरडाओरडा ऐकून मुख्याध्यापिका धावत आल्या. पडद्यांकडे पाहत त्यांनी चष्मा सारखा केला आणि रुखसानाशेजारी खुर्ची ओढली.

"सरक गं जरा. मलाही शिकव."