खराब डबी

“वर्षभर आधी कळलं असतं, तर हा गोळा काढून टाकता आला असता,” एवढं बोलून डॉक्टर दादाच्या खाटेपासून पुढच्या खाटेकडे वळले.

धाकट्याच्या खिशात घडी घातलेला कागद होता. सकाळपासून तो तीनदा बाहेर आला होता आणि तीनदा आत गेला होता.

धाकटा प्रयोगशाळेत कामाला. यकृताचा कॅन्सर नुसत्या लघवीवरून, तोही वेळेत ओळखायचा, असं तिथे संशोधन चाले. नातेवाईक त्याला ‘डबीवाला’ म्हणून चिडवत. दादाला मात्र कोण अभिमान! दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला तो ऐकवायचा, “हसा लेको! एक दिवस याच डबीमुळे तुमचा जीव वाचेल.”

मागच्या वर्षी तुलनेसाठी शंभर धडधाकट माणसं हवी होती. एक काही केल्या मिळेना. धाकट्याने दादालाच धरून आणलं. “लहानपणापासून मागशील ते दिलं,” भरलेली डबी हातात देत दादा म्हणाला, “एवढंच काय ते राहिलं होतं!” दोघंही पोट धरधरून हसले होते.

डब्यांवर नुसते नंबर असत. कुठला नंबर कोणाचा, ती यादी बंद पाकिटात. त्या धडधाकटांतल्या एकाचा तपासणीतला आकडा भलताच वर गेला. नियमाप्रमाणे त्या माणसाला बोलावून पुन्हा तपासायला हवं होतं. पण अहवाल दोन दिवसांवर आला होता. धडधाकट माणसाला कॅन्सर दाखवणारी तपासणी म्हटल्यावर चार वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडलं असतं. धाकट्याने शेरा मारला, ‘डबी खराब’, आणि नंबर खोडून टाकला. अहवालाची वाहवा झाली.

काल दादाचा स्कॅन पाहिला आणि धाकट्याच्या मनात पाल चुकचुकली. त्याने पाकीट फोडलं.

“भाऊजी,” वहिनीने विचारलं, “तुमच्याकडे तपासलं होतं ना यांना? तेव्हा काहीच नव्हतं?”

“त्याला कशाला छळतेस?” दादा म्हणाला. “काही असतं तर बोलला नसता का तो?”

मान हलवली असती तरी निभावलं असतं. पण धाकट्याला स्वतःचीच किळस आली. त्याने कागद दादाच्या हातात दिला.

“होतं, दादा. तुझाच आकडा वर गेला होता. मी डबी खराब म्हणून खोडला.”

दादाने चष्मा लावला. खोडलेल्या ओळीवरून त्याने सावकाश बोट फिरवलं, एकदा, मग पुन्हा. धाकटा थोबाडीत बसायची वाट बघत उभा होता. बसली असती तर बरं वाटलं असतं.

दादाने मान वर केली. किती दिवसांनी त्याचा चेहरा उजळला होता.

“ऐकलंस का गं?” तो बायकोला म्हणाला. “याची तपासणी खरी निघाली!”