एका स्टारचा डॉक्टर

खोकल्यावर औषध घ्यायला सूयिंग क्वांगचौला मुलाकडे आली आणि फुप्फुसात गाठ निघाली. तेव्हापासून वेईछिंग मोबाइलवर डॉक्टर शोधत होता. "आई, हे प्रोफेसर बघ. सगळ्यांनी पाच-पाच स्टार दिलेत. फार धीर देतात म्हणे." तिनं चष्मा लावला, बोटानं यादी सरकवत नेली आणि एका डॉक्टरपाशी थांबली. त्यांना एकच स्टार देऊन कुणा बाईनं लिहिलं होतं, ‘वडील वाचणार नाहीत, असं तोंडावर सांगितलं. गावी नेलं. तिथेच वारले.’ "मला हाच पाहिजे." "काहीतरीच काय, आई?" पण ती हटली नाही. रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, "गाव कुठलं, मावशी?" "लांब. क्वीचौच्या डोंगरात." "लगेच जा. नववर्षाला सगळे गावी जातात, तोवर थांबू नका." वेईछिंगनं फोन ओढून बंद केला. ती उठून बॅग भरू लागली. तो पुढचा डॉक्टर शोधू लागला.