पाचवीचा कागद

“आज नको गं उठवूस त्याला. आज ती यायची आहे,” सुमित्राबाई सुनेला, लतिकाला, म्हणाल्या.

ती म्हणजे सटवाई. बाळाची पाचवी होती. पाचव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी काय आहे ते लिहून जाते, म्हणून तिच्यासाठी कोरा कागद आणि पेन मांडून ठेवायचं. पूजेला पाटा-वरवंटा लागतो; दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमध्ये तो कुठून असणार? सुमित्राबाईंनी खालच्या मल्होत्रांकडून सिलबट्टा मागून आणला होता. पेन त्यांच्या मुलाच्या, अविनाशच्या, ऑफिसातलं होतं. सटवाईला सरकारी पेन चालतं की नाही, हे विचारायला कुणी नव्हतं. जागा कमी, म्हणून पूजा लतिकाच्या खाटेला लागूनच मांडली होती.

दहा वाजत आले होते. लतिका बाळाकडे बघत होती. जन्मलं तेव्हा ते चोवीसशे ग्रॅम होतं. आज सकाळी दवाखान्यातल्या काट्यावर एकवीसशे साठ भरलं. थोडी कावीळही होती. नर्सने त्याच्या तळपायाला टिचकी मारून दाखवली होती. “ये मांगेगा नहीं, मॅडम. हर दो घंटे पे जगाना है, पिलाना है. टाइम लिखके कल लाना. वजन और गिरा तो भर्ती करेंगे.”

“आई, नर्स म्हणाली की—”

“नर्सला मुलं किती? झोपेतच वाढतं मूल. भूक लागली की रडेल. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही, ते काय उगीच म्हणतात?”

ही म्हण लतिकाने आजवर बढतीवरून आणि क्वार्टरच्या अर्जावरून ऐकली होती. खऱ्याखुऱ्या आईला, खऱ्याखुऱ्या दुधावरून कुणी ती ऐकवताना पहिल्यांदाच ऐकत होती. एरवी तिला हसू आलं असतं. गेल्या पाच दिवसांत तिला हसू आलं नव्हतं आणि रडूही. बाळ हातात दिलं तेव्हा सगळ्याजणी म्हणाल्या होत्या, बघ आता कसा पान्हा फुटतो ते. दूध आलं. बाकी काही आलं नाही. आणि आपल्याला काही वाटत नाही, याचंही तिला काही वाटत नव्हतं. दर दोन तासांनी, एवढंच डोक्यात होतं.

“ती लिहायला बसलेली असणार आणि तू त्याला टिचक्या मारणार? मी बसते जागी. तू पड.”

अविनाश दाराशी आला. त्याने आळीपाळीने दोघींकडे पाहिलं. “आई म्हणतेय तर... एक रात्र फक्त,” असं म्हणाला आणि सकाळी ऑफिस आहे म्हणून पलीकडच्या खोलीत झोपायला गेला.

पाचवीचं जागरण सुमित्राबाईंना साडेबारापर्यंत पुरलं. मग हनुवटी शालीत गेली आणि त्या बसल्या जागी घोरू लागल्या.

लतिकाने टाक्यांवर जोर न देता कूस बदलली, दुपट्यातून बाळाचा पाय बाहेर काढला आणि टिचकी मारली. काही नाही. अजून एक मारली. त्याने पाय आखडून घेतला आणि ते झोपून राहिलं. जानेवारीची थंडी होती, तरी तिने त्याचं टोपडं काढलं, झबलं सोडलं, ओल्या फडक्याने तोंड पुसलं. आपण दुसऱ्याच कुणाच्या तरी बाळाला छळतो आहोत असं तिला वाटलं, तेही लांबूनच. पाचव्या की सहाव्या टिचकीला त्याने तोंड वाकडं केलं. तेवढ्यात तिने त्याला छातीशी घेतलं.

आता वेळ लिहायला हवी होती. कागद पलीकडच्या टेबलावर. उठायचं म्हणजे टाके दुखणार, दिवा लावावा लागणार, सासूबाई जाग्या होणार. हात पुरेल एवढ्या अंतरावर एकच कागद होता. तिने तो उचलला, त्यावरचं कुंकू झटकलं आणि पूजेतल्या निरांजनाच्या उजेडात लिहिलं : १२.५०, उजवीकडे, सात मिनिटं. मग तीन पाचला : डावीकडे, पाच मिनिटं. या वेळी त्याला उठवायलाच पाऊण तास गेला होता. कागद जागेवर ठेवता ठेवता तिचे डोळे मिटले.

तिला जाग आली तेव्हा खोलीतला दिवा लागलेला होता. सुमित्राबाई हातात कागद घेऊन सिलबट्ट्यासमोर उभ्या होत्या. चष्मा नव्हता, पण कोऱ्या कागदावर अक्षरं आली आहेत एवढं त्यांना दिसलं होतं. त्यांनी कागद कपाळाला लावला. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. लतिका पडून राहिली. सांगावं असं तिला वाटलं नाही, लपवावं असंही नाही.

मग सुमित्राबाईंनी कपाटावरचा चष्मा घेतला. वाचलं. पुन्हा वाचलं. एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा बाळाकडे. ते निपचित झोपलं होतं, कालच्यापेक्षा जरा जास्तच पिवळं.

आता बोलणी बसणार, म्हणून लतिका वाट बघत राहिली.

“तीन पाचनंतर काही नाही,” सुमित्राबाई म्हणाल्या.

“डोळा लागला माझा.”

सुमित्राबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. त्या खाटेच्या कडेला टेकल्या, दुपट्यातून बाळाचा पाय बाहेर काढला, अंगठ्याने तळवा जरा चोळला आणि टिचकी मारली. हलकीच. मग दुसरी मारली, ती हलकी नव्हती. बाळाने तोंड वाकडं केलं.

“पाच वीस,” त्या म्हणाल्या आणि कागद-पेन सुनेपुढे धरलं. “लिही.”