अजून थोडं वाका

आई खुर्चीवर बसली होती आणि शेजारच्या सुंदरम्माला ते काही बघवत नव्हतं.

"खुर्चीवर बसून वाकळ शिवतीस? कलेक्टर झालीस का गं शिवबाई?" तिनं उंबऱ्यातूनच विचारलं.

"बाळंतीण बसवल्यागत बसवलंय बघ ह्या पोरीनं." आई लाजून हसली. तिच्या पाठीमागं उशी, पायांखाली पाट, पुढ्यात टेबल आणि टेबलावर वाकळ.

"हसू नका सुंदरम्मा. परवापासनं आई रात्री कण्हली न्हाय," ऋतुजानं सुनावलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं. मणक्यातली नस दबलीय, जमिनीवर वाकून बसणं बंद, नाहीतर एक दिवस उठताच येणार नाही. पण वाकळ काय, गोधडी काय, शिवतात ती जमिनीवरच. शिवणारी स्वतःच तिच्यावर बसते, म्हणजे तिच्या वजनानं जुन्या लुगड्यांचे थर हलत नाहीत. टेबलावर ते सरकायला लागले तेव्हा ऋतुजानं वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे काढून आणले आणि चारी कडांना लावून टाकले. आता सरकायची काय बिशाद!

तेवढ्यात पुण्याच्या मॅडम आल्या. आईच्या वाकळी त्यांच्या दुकानात जायच्या, आणि आज त्यांना शिवतानाचा व्हिडिओ हवा होता.

"अय्या, टेबलावर?" त्यांचा चेहराच पडला. "काकू, नेहमी बसता तशा बसा ना. खाली."

"तिची पाठ दुखते. डॉक्टरांनी नको म्हणलंय," ऋतुजा म्हणाली.

"दोनच मिनिटं गं बाळा. आणि ते प्लास्टिकचे चिमटे काढ हं, कसेतरीच दिसतात."

ऋतुजा आईकडं बघत राहिली. नाही म्हण. एकदा तरी नाही म्हण. पण दारात आलेल्या माणसाला नाही म्हणायला आईला कुणी शिकवलंच नव्हतं.

"त्याला काय हुतंय," म्हणत आईनं स्वतःच चिमटे काढले, वाकळ खाली ओढली आणि भिंतीला धरून धरून तिच्यावर बसली. वर मॅडमकडं बघून हसली. शी! ऋतुजाला मॅडमपेक्षा त्या हसण्याचीच जास्त शिसारी आली.

"मस्त! आता थोडं वाका." आई वाकली. "अजून थोडं. नाक अगदी सुईजवळ. हां, माया दिसली पाहिजे त्यात!"

माया म्हणे. आईच्या कानामागून घामाचा ओघळ आला आणि वाकळीवर पडला. मॅडमनी मोबाइल आणखी जवळ नेला, आणि दुसऱ्या हातानं ओढणी नाकाला लावली.

"कसला उग्र वास आहे हो हा?"

"मलमाचा," ऋतुजा म्हणाली. "पाठीला लावतो."

"बरंय, व्हिडिओत वास येत नाही." मॅडम स्वतःच खुदकन हसल्या.

सुंदरम्मा हसली नाही. दोन मिनिटं कधीच होऊन गेली होती. ओणवं राहून मॅडमची कंबर भरून आली, तशा त्या 'बाई गं' करत खुर्चीवर टेकल्या. पाठ उशीला लावली, पाय पाटावर घेतले. मोबाइल मात्र आईवरच धरलेला.

"हं, काकू. झालं. उठा आता."

आईनं एक हात जमिनीला टेकला, दुसरा टेकला, आणि तिच्या तोंडून एक आवाज निघाला. 'आई गं' सुद्धा नाही. चिखलात रुतलेल्या म्हशीच्या छातीतून निघावा, तसला. ती तशीच राहिली, हातापायांवर, जनावरासारखी.

"अय्यो, धर गं तिला!" सुंदरम्मा धावली. दोघींनी तिच्या काखांत हात घातले.

खुर्चीवरून तोच आवाज पुन्हा आला. मॅडम व्हिडिओ बघत होत्या.

"अरे, हे पण आलं वाटतं शेवटी." त्यांनी नाक मुरडलं. मग त्यांचा चेहरा उजळला. "हरकत नाही. आवाज काढून टाकू, तिथं बासरी घालू."

ऋतुजानं बोलायला तोंड उघडलं. पण तिच्या खांद्यावरचा आईचा हात घट्ट झाला, गप्प बस म्हणून. आई अजून अर्धीच वर आली होती. तशीच वाकलेली, मान तेवढी उचलून तिनं विचारलं,

"च्या घेणार न्हवं, ताई?"