नयनामावशीचा हात

“नयनामावशीचा हात आता कसा आहे गं?” कौमुदीनं विचारलं, आणि निरुपमा काही बोलायच्या आत जपानहून आलेला फोन कट झाला.

निरुपमा रिसीव्हर धरून तशीच उभी राहिली. नयनाच्या हाताला काहीच झालेलं नव्हतं. म्हणजे, आता नव्हतं.

“काय म्हणतेय लेक?” आनंदरावांनी पेपरमागून विचारलं.

“नयनाच्या हाताचं विचारत होती.”

“आत्ता? तो मोडून वीस वर्षं झाली. बोलायला काही नसेल, दुसरं काय.”

लग्न होऊन कौमुदी जपानला गेली, त्याला अजून वर्षही झालं नव्हतं. जावई शुभंकर तिथे एका कंपनीत कॉम्प्युटरचं काम करायचा. दर रविवारी सकाळी कारेलीबागेतल्या या फ्लॅटमध्ये फोन वाजायचा. तुम्ही लावू नका, इथून स्वस्त पडतो, असं शुभंकरनंच सांगून ठेवलं होतं. कौमुदी बोलत असली की मागे कुठेतरी तो खोकायचा. आणि ती बोलायची ती फक्त हवेबद्दल. सुरुवातीला खिडकीबाहेरच्या झाडाला नारिंगी फळं धरली होती. मग पानं गळली. मग बर्फ आला. आज म्हणाली, बर्फ इतका चढलाय की खिडकीतून काही दिसतच नाही. आणि लगेच, नयनामावशीचा हात.

निरुपमा कॉलेजात जपानी कथा शिकवायची, इंग्रजी अनुवादातून. दरवर्षी ती मुलांना सांगायची, तिकडच्या जुन्या घाटाच्या कथेला चार भाग असतात. आरंभ, विस्तार, वळण, अखेर. माणसं मनातलं बोलत नाहीत, ऋतूबद्दल बोलतात. आणि तिसऱ्या भागात कथा एकदम भलतंच काहीतरी काढते. लेखक भरकटला असं समजू नका. त्याला जे सांगायचंय ते तिथेच असतं. कौमुदी याच वर्गात दोन वर्षं पहिल्या बाकावर बसली होती.

निरुपमानं रिसीव्हर अजून खाली ठेवला नव्हता.

नयना तिची धाकटी बहीण, याच शहरात अकोट्याला दिलेली. एका दुपारी ती मोडका हात घेऊन दारात आली होती. नवऱ्यानं पिरगळला होता. न्हाणीघरात पाय घसरला, असं सगळ्यांना सांगायचं ठरलं. लहानगी कौमुदी तिथेच फरशीवर चित्र रंगवत बसली होती. तिला कुणी बाहेर जा म्हटलं नाही. एवढ्याशा पोरीला काय कळतंय.

“अहो,” निरुपमा म्हणाली, “तो तिला मारतो.”

“कोण, शुभंकर?” आनंदरावांनी पेपर खाली केला. “आपल्या डोळ्यांदेखत वाढलेला मुलगा तो. तू आता फोनसुद्धा गोष्टीसारखा वाचायला लागलीस.”

तसंच असावं, असं तिला मनापासून वाटत होतं. आयुष्यात एकदा आपलं वाचन साफ चुकावं. पण तिची बोटं आकडे दाबत होती. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा लागला.

“आई?” शुभंकरचा आवाज नेहमीसारखा गोड होता. “आत्ताच तर बोललात. सगळे मजामा ना?”

“कौमुदीला दे ना जरा.”

“ती आंघोळीला गेलीय.”

“मी थांबते.”

तिनं रिसीव्हर कानाशी तसाच धरून ठेवला. मग पलीकडे फोन कौमुदीच्या हातात गेला. पण शुभंकरचा श्वास अजून ऐकू येत होता, अगदी जवळून.

एखादा शब्द चुकला, तर फोन ठेवल्यावर त्या बर्फात बुडालेल्या घरात काय होईल?

“नयनामावशीचा हात पुन्हा दुखायला लागलाय,” ती म्हणाली. “तिला म्हटलं, सगळं सोड आणि इकडे निघून ये.”

कौमुदीनं अगदी सरळ आवाजात विचारलं, “बाबांची स्कूटर आहे अजून?”

निरुपमाला कळलं. कळलं नसतं तर बरं, असं वाटलं. तेव्हा चार दिवसांनी, प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून, नयना त्याच स्कूटरवर मागे बसली होती. आनंदराव तिला अकोट्याला नवऱ्याच्या दारात सोडून आले होते. पिशवी निरुपमानंच भरून दिली होती. गॅलरीतून कौमुदी मावशीला टाटा करत होती. नयना अजून तिथेच नांदत होती.

तिनं रिसीव्हरवर हात ठेवला. “ती विचारतेय, बाबांची स्कूटर आहे का अजून.”

आनंदरावांनी जपानी कथा कधी वाचल्या नव्हत्या. त्यांनी पेपरची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. मग उठून आले. त्यांनी रिसीव्हर घेतला.

“बेटा,” ते म्हणाले. खाकरून पुन्हा म्हणाले, “स्कूटर विकून टाकली मी.”

निरुपमानं त्यांच्या कानाशी कान लावला.

“बरं केलंत,” कौमुदी म्हणाली. “म्हणजे आता स्टेशनवरून रिक्षाच करावी लागणार.”

होळीच्या जरा आधी ती आली. एकटी, एका बॅगेनिशी. शेजारच्या जपानी बाईंनी तिला विमानतळावर पोचवलं होतं. पण ते नंतरचं. त्या सकाळी आनंदरावांनी फोन ठेवला आणि दारामागच्या खिळ्यावरून स्कूटरची किल्ली काढली.

“कुठे निघालात?” निरुपमानं घाबरून विचारलं.

“विकायच्या आधी एक फेरी राहिलीय,” ते चप्पल घालत म्हणाले. “नयनाला विचारून येतो, यायचंय का तिला.”