तोडीस तोड

दुकानदाराने दोन प्रोसेसर काउंटरवर ठेवले. दोन्ही चिमुकले, दोन्ही वापरलेले.

"काकू, तुमच्या कॉम्प्युटरला आता हे दोनच बसतील. एवढ्या जुन्याला नवीन काही मिळायचं नाही."

"फरक काय दोघांत?" आईने विचारलं.

"हा साधा. आणि हा याच्या तिप्पट जोरात चालतो. तुम्ही करता काय यावर?"

"बुद्धिबळ खेळते." आईची मान आपोआप ताठ झाली. "गेलं वर्षभर हरलेली नाही. रोज सकाळी कॉम्प्युटरला धूळ चारते."

शेजारी उभ्या असलेल्या लेकीने हसू दाबलं. ही विजयवार्ता रोज फोनवरून मामाच्या कानावर घातली जाते, आणि मग आईचा अख्खा दिवस झकास जातो. घरात सगळ्यांनाच ते सोयीचं होतं.

दुकानदाराने कॉम्प्युटरमधून काढलेला, जळालेला जुना प्रोसेसर उलटसुलट करून पाहिला. "वर्षभर ना? बरोबर. पंखा धुळीने बसलाय. त्यामुळे हा तापायचा, आणि तापला की स्वतःला वाचवायला हळू चालायचा. तुमच्या खेळाला चाल शोधायला ठरावीकच वेळ मिळतो. तेवढ्यात बिचारा विचार तरी काय करणार?"

त्याला वाटलं, आपण माहिती दिली. लेकीला वाटलं, याचं तोंड कोणीतरी शिवून टाका.

"म्हणजे मी जिंकत होते ते..." आईचा चेहरा पडला.

"तसं नाही गं," लेक घाईघाईने म्हणाली. "दादा, साधाच द्या. आम्हाला काय त्यावर गिरणी चालवायची आहे?"

आईने साधा प्रोसेसर तळहातावर घेतला. जरा वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मग तो खाली ठेवून तिने दुसऱ्याकडे बोट दाखवलं.

"हा बसवा. आणि इथेच चालवून दाखवा."

पंखा साफ झाला, प्रोसेसर बसला, पडद्यावर पट आला. आई खुर्ची ओढून काउंटरशी बसली. सुरुवातीच्या चाली तिने घरच्यासारख्या फटाफट केल्या. मग तिचा हात माउसवर थबकायला लागला. केबल घ्यायला आलेला एक जण पैसे द्यायचं विसरून मागे उभा राहिला. वजीर गेला. पाठोपाठ राजा कोपऱ्यात अडकला, आणि आई हरली.

लेकीला भयंकर वाईट वाटलं. "आई, अजून बदलता येईल. आपण तो साधा..."

आईचं लक्षच नव्हतं. तिचे गाल लाल झाले होते.

"कसला डाव टाकला मेल्याने! घोडा तिथून येईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही!"

तिने चष्मा पुसून पुन्हा चढवला, नवा डाव मांडला आणि मान वर न करता विचारलं,

"दुकान किती वाजता बंद करता हो?"