पोळ्याची आंघोळ

इंजिनावर पाण्याची धार पडली आणि भस्सकन वाफ उठली. चंपतरावांना वाटलं, जनावरानं सुस्कारा टाकला.

"हो बाप्पा, हो. लय थकला तू," असं म्हणत त्यांनी विहिरीच्या मोटारीचा पाइप आणखी जवळ नेला.

पोळ्याची सकाळ होती. बेल्यात गावभर दारोदार बैल धुणं चाललं होतं. चंपतरावांचा गोठा दोन वर्षांपासून रिकामा. पण यंदा दारात दौलतचा ट्रक उभा होता. ट्रक शेठचा, चालवणारा दौलत. लेक रात्रभर गाडी हाकून पहाटे आला होता. फरशी नागपूरला पोचवायची होती, तरी बापानं फोनवर दोनदा 'पोळा हाय बाबू' म्हटलं, म्हणून शेठला न सांगता हायवे सोडून आत वळला होता. इंजिन फार तापलंय, जरा हवा लागू दे, म्हणून त्यानं कॅबिन पुढं कलती केली आणि ओसरीवर पाठ टेकताच घोरायला लागला.

कॅबिन अशी पुढं झुकलेली, तेव्हा तो ट्रक चंपतरावांना मान खाली घालून उभ्या राहिलेल्या बैलासारखाच दिसला. काल देवळातल्या कीर्तनात महाराजांनी गाऊन गाऊन सांगितलं होतं, की ज्याच्या पाठीवर आपलं घर जेवतं, त्याला देव समजून न्हाऊ घाला. म्हाताऱ्याचे डोळे तिथंच भरून आले होते. आता त्यांनी धोतर खोचलं, तोंडानं नाम सुरू केलं आणि मनापासून कामाला लागले. बैलाच्या कानामागे चोळतात तशा वायरींच्या खाचा चोळल्या. काळ्या डब्यांची झाकणं उघडून आतलाही मळ काढला.

"चाळीस वर्सांत माया पायावर तांब्याभर पानी नाही टाकलं," भागीरथाबाई दारातून म्हणाल्या, "अन् लोखंडाचे लाड पाहा!"

"तू वढतं का वीस टन?"

"वीस टन नाही, तुमाले वढून राह्यली ना इतके वर्सं!"

दोघंही हसले. तेवढ्यात इंजिनाच्या आत कुठंतरी 'टण्ण' वाजलं. एकदाच.

गाढ झोपलेला दौलत त्या आवाजानं ताडकन उठला. अनवाणी धावत आला. "बाबा! पानी बंद करा, पानी!"

मग वाकून पाहिलं. कॅबिन खाली घेतली. किल्ली फिरवली. समोरचे सगळे लाल दिवे एकदम लागले, फडफडले, विझले. इंजिन हूं की चूं करेना.

गावातला मेकॅनिक हर्षदीप मोटारसायकलवर आला तो हसतच. "काय दौलतभाऊ, आंघोळ घालून राह्यले का पोहाले शिकवून राह्यले?" मग त्यानं आत बॅटरी मारली, बोटानं एक बारीक रेघ चाचपली, आणि त्याचं हसू गेलं. "इंजिनाचं हेड तडकलं, भाऊ. तापल्या लोखंडावर असं थंड पानी? अन् हे वायरिंगचे डबे तर विहिरीसारखे भरले. इथं नाही होत हे काम. दुसऱ्या गाडीले टोचन लावून वढत न्या लागते." त्यानं मान वर केली. "कोन धुतलं?"

चंपतरावांच्या हातातला पाइप अजून ठिबकत होता.

दौलतच्या खिशातला फोन वाजला. शेठचा आवाज अंगणभर ऐकू येत होता.

"गाडी कुठं हाय?"

"बेल्यात, शेठ. बंद पडली. हेड तडकलं."

"कसं काय तडकलं?"

चंपतराव पुढं सरकले. त्यांनी तोंड उघडलं. दौलतनं हात आडवा करून त्यांना जागीच थांबवलं.

"म्या धुतली, शेठ. गरमच होती."

शेठचा आवाज चढला.

"बारा वर्सं झाले तुले स्टेरिंगवर. गाडी पुसनाऱ्या किन्नरालेबी समजते, ते तुले समजत नाही? दुसरी गाडी पाठवतो. टोचन करून पांढरकवड्याले आन, चाबी ठेव, अन् पुन्हा तोंड दाखवू नको. तुले दुसऱ्या कोनाची गाडी भेटते का, तेबी पाहातो मी."

"जी, शेठ."

बारा वर्षांत गाडीला एक ओरखडा नाही, अशी दौलतची त्या लाइनीत ओळख होती. फोन खिशात टाकून तो पाइपची गुंडाळी करायला बसला.

"लेका," चंपतराव जवळ येत म्हणाले, "माह्यं नाव काऊन नाही घेतलं?"

"घेतलं असतं तर त्यानं तुमाले शिवी देल्ली असती." दौलतनं मान वर केली नाही. "मले सवय हाय, बाबा."

चंपतराव मटकन खाली बसले. पाण्यात, चिखलात, जिथं होते तिथंच.

दुपार कलताना दुसरा ट्रक आला. दोन्ही गाड्यांच्या मधे लोखंडी दांडा अडकवला गेला. मेलेल्या गाडीलाही कुणीतरी धरावं लागतं, म्हणून दौलत चढून स्टेरिंगवर बसला. समोरून सजवलेले बैल घुंगरं वाजवत देवळाकडं निघाले होते. त्यांनी वाट दिली.

गाडी आवाज न करता हलली. चंपतराव दारावर तळवा ठेवून तिच्या बरोबरीनं चालू लागले. गल्ली संपली, रस्ता लागला, तरी ते चालतच होते. पाय भराभर पडत होते, हात काही सुटत नव्हता.

खिडकीतून दौलतनं मान बाहेर काढली. त्याचे डोळे लाल झाले होते.

"बाजूले व्हा, बाबा," तो म्हणाला. "चाक लागंन तुमाले."